शंका-समाधान : स्फटिकातील रिकाम्या घरांतून चालणारा प्रोटॉन

मागील अंकात हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधनघटांवर, म्हणजे इंधनातून थेट वीज देणाऱ्या उपकरणांवर, एक छोटे टिपण दिले होते. काही भाजलेली ऑक्साइडे वाफेच्या सान्निध्यात तापवली असता प्रोटॉन वाहून नेतात, असे एक वाक्य त्यात ओझरते येऊन गेले होते. त्या एका वाक्यावर बडोद्याहून सहा पत्रे आली आणि सहाही पत्रांचा रोख निराळा आहे. टिपणात जे एका ओळीत उरकले होते त्याचा नीट हिशेब देणे भाग आहे, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न (दांडिया बाजार) : मी विजेच्या लाइनीवर सदतीस वर्षे काम करून निवृत्त झालो. चिनी मातीचे इन्सुलेटर खांबावर बसवतात ते वीज अडवण्यासाठी, हे आम्ही पहिल्या दिवसापासून शिकलो. आता त्याच जातीचा पदार्थ वीज वाहू देतो असे आपण लिहिता. शिवाय प्रोटॉन हा अणूच्या गाभ्यातला कण. तो तिथून सुटून बाहेर फिरतो म्हणजे नेमके काय होते?

उत्तर : आपला अनुभव खरा आहे आणि टिपणातले वाक्यही खरे आहे. धातूच्या तारेत वीज वाहते ती मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे. चिनी मातीत किंवा बहुतेक शुद्ध ऑक्साइडांत इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंशी घट्ट बांधलेले असतात, म्हणून ती वाट बंद असते. पण विद्युतभार वाहून नेण्याची दुसरीही एक वाट आहे, ती म्हणजे भारित अणूनेच, म्हणजे आयनाने, जागा बदलणे. मिठाच्या पाण्यात हेच घडते. घन पदार्थात मात्र प्रत्येक आयन आपल्या घरात बसलेला असतो आणि शेजारची सर्व घरे भरलेली असतात. सोळा घरांत पंधरा सोंगट्या असलेले सरकवण्याचे कोडे आपण लहानपणी खेळला असाल. त्यात सोळावी सोंगटी असती तर एकही सोंगटी हलली नसती. सारा खेळ त्या एका रिकाम्या घरावर चालतो. स्फटिकातील अशा रिकाम्या घराला रिक्तस्थान म्हणतात आणि शास्त्राच्या भाषेत तो स्फटिकाचा एक दोष मानला जातो. भाजलेल्या ऑक्साइडातून वीज जाते ती या दोषांच्या आधाराने, आणि तीही पदार्थ पुरेसा तापल्यावर, कारण एका घरातून दुसऱ्या घरात उडी घेण्यासाठी आयनाला उष्णतेचा धक्का लागतो. आपल्या खांबावरचे इन्सुलेटर वातावरणाच्या तापमानालाच राहतात आणि त्यांच्या काचेसारख्या वस्तुमानात अशी सोयीची घरे मुद्दाम ठेवलेली नसतात. म्हणून आपण बसवलेल्या इन्सुलेटरांची काळजी करण्याचे कारण नाही.

ही गोष्ट नवीन नाही. वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८९९ मध्ये झिर्कोनियम ऑक्साइडात यिट्रियम ऑक्साइड मिसळून केलेली कांडी तापवल्यावर वीज वाहू देते हे दाखवले आणि त्या तत्त्वावरचे दिवेही त्या काळी विकले गेले. त्या दिव्याची गंमत अशी होती की बटण दाबून तो लागत नसे. आधी कांडी बाहेरून तापवावी लागे, मग ती वीज घेऊ लागे आणि स्वतःच्याच उष्णतेने उजळत राही. तिथे चालणारा आयन ऑक्सिजनचा होता.

आता प्रोटॉनविषयी. लोखंडाच्या किंवा ऑक्सिजनच्या गाभ्यातून प्रोटॉन सुटून येत नाही. तसे झाले तर ती अणुभट्टीतली घटना होईल. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन एवढेच असते. त्याचा इलेक्ट्रॉन काढून घेतला की मागे अख्खा गाभा उरतो आणि तो गाभा म्हणजेच प्रोटॉन. त्याच्याभोवती स्वतःचे इलेक्ट्रॉनांचे आवरण नसल्यामुळे तो एकटा कधीच राहत नाही. स्फटिकात शिरला की जवळच्या ऑक्सिजनच्या आवरणाला सुमारे एक अँगस्ट्रॉम (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) अंतरावर बिलगून बसतो. इतर आयनांना असते तसे प्रोटॉनचे वेगळे घर स्फटिकात नसते. तो नेहमी कोणत्या ना कोणत्या ऑक्सिजनचा पोटभाडेकरू असतो, आणि त्याच्या चालण्याची सगळी तऱ्हा यातून ठरते.

या भाडेकरूला आत आणते ती वाफ. बेरियम झिर्कोनेट हा पदार्थ घेऊ. त्याची रचना पेरोव्स्काइट प्रकारची, म्हणजे झिर्कोनियमभोवती सहा ऑक्सिजनांचा अष्टफलक आणि असे अष्टफलक कोपऱ्याला कोपरा जोडून उभे, मधल्या पोकळीत बेरियम. झिर्कोनियमचा धनभार चार. त्याच्या काही जागी तीन धनभाराचा यिट्रियम बसवला की एकेका जागी एक धनभार कमी पडतो. स्फटिकाला ही तूट सोसत नाही. मग दोन यिट्रियम मिळून दोन ऋणभाराच्या एका ऑक्सिजनला घर सोडावे लागते, म्हणजे दोन यिट्रियममागे एक रिक्तस्थान तयार होते. हा पदार्थ काहीशे अंश तापवून त्यावरून ओला वायू सोडला की पाण्याचा रेणू त्या रिकाम्या घराकडे ओढला जातो. पाण्यातला ऑक्सिजन रिकामे घर भरतो. त्याचा एक हायड्रोजन त्याच्यापाशी राहतो आणि दुसरा शेजारच्या ऑक्सिजनला चिकटतो. एक रिकामे घर गेले आणि त्याच्या बदल्यात दोन प्रोटॉन मिळाले. दोन धनभारांची गणती जुळली, कारण ऋणभारित ऑक्सिजन जिथे असायला हवा तिथे तो नसणे म्हणजे स्फटिकाच्या दृष्टीने दोन धनभार असणेच होय. क्र्योगर आणि विंक यांनी १९५६ मध्ये दोषांसाठी जी चिन्हपद्धती घालून दिली, तिच्यात एक ठिपका म्हणजे एक धनभार, आणि हा हिशेब दोन ठिपके विरुद्ध एकेक ठिपका असा मांडतात.

वाफेत तापवलेल्या अशा ऑक्साइडातून प्रोटॉन खरोखर वाहतो, हे इवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये १९८१ साली स्ट्रॉन्शियम सीरेटवर स्पष्टपणे दाखवले. आज चाललेले बहुतेक काम तिथून पुढे आले आहे.

प्रश्न (फतेहगंज) : मी पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी आहे. पुस्तकात यिट्रियम घालून दोष निर्माण करण्याविषयी वाचले. दोषांमुळेच वहन होत असेल तर यिट्रियम जितके अधिक तितके चांगले, असे का होत नाही? आणि यिट्रियमच का?

उत्तर : इथे आपल्या रोजच्या भाषेतला शब्द वापरायचा तर यिट्रियम ही भेसळ आहे, प्रमाणात आणि हिशेबाने केलेली. तिच्यामुळे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात, हे आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. मात्र ते समजण्यासाठी प्रोटॉन नेमका चालतो कसा हे आधी पाहावे लागेल.

घराचा स्लॅब ओतताना कामगारांची रांग आपण पाहिली असेल. घमेले घेऊन एकच माणूस खालून वर धावत नाही. प्रत्येक जण आपल्या जागी उभा राहतो, कमरेत वळून मागच्याकडून घमेले घेतो, पुन्हा वळतो आणि पुढच्याच्या हातात देतो. माणसे जागच्या जागी राहतात आणि घमेले वर जाते. ऑक्साइडात ऑक्सिजन हे कामगार आहेत आणि प्रोटॉन हे घमेले. प्रोटॉन आधी आपल्या ऑक्सिजनभोवती वळतो आणि मग शेजारच्या ऑक्सिजनकडे उडी घेतो. वळणे सोपे असते. उडी अवघड, कारण बेरियम झिर्कोनेटमध्ये शेजारच्या दोन ऑक्सिजनांत सुमारे तीन अँगस्ट्रॉमचे अंतर असते आणि प्रोटॉनचा बंध तर एकाच अँगस्ट्रॉमचा. म्हणून स्फटिकाच्या कंपनात दोन ऑक्सिजन क्षणभर एकमेकांकडे झुकतात तेव्हाच ही देवाणघेवाण होते. पाण्यातल्या विजेसाठी अशा हातोहात देण्याची कल्पना ग्रोटहुस यांनी १८०६ मध्येच मांडली होती.

या चालीचा फायदा आकड्यांत दिसतो. प्रोटॉनच्या उडीचा अडथळा साधारण ०.४ ते ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचे अगदी लहान एकक) असतो; यिट्रियमयुक्त झिर्कोनियम ऑक्साइडात ऑक्सिजनचा अख्खा आयन हलवायला ०.८ ते १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. बाकी सारे समान धरून ०.४५ आणि ०.९ या दोन अडथळ्यांची तुलना केली, तर १००० अंश सेल्सिअसला लहान अडथळ्याच्या बाजूने सुमारे साठपट फायदा दिसतो आणि ५०० अंशांना तोच साडेआठशे पटींच्या आसपास जातो. प्रत्यक्षात बाकी सारे समान कधीच नसते, हे खरे. तरीही भट्टी जितकी थंड करावी तितका प्रोटॉन सरस ठरतो, आणि या पदार्थांमागे लोक लागले आहेत ते याच कारणाने : ४०० ते ६०० अंशांना चालणाऱ्या घटाला साध्या पोलादाचे भाग चालू शकतात, ८०० अंशांना ते परवडत नाही.

आता भेसळीकडे. यिट्रियम झिर्कोनियमच्या जागी बसला की त्या जागी एक धनभार कमी असतो, म्हणजे आजूबाजूच्या मानाने ती जागा ऋणभारित ठरते. धनभारित प्रोटॉन तिच्याकडे ओढला जाणारच. ज्याने प्रोटॉनला घरात आणले तोच त्याला दारात अडवून गप्पा मारत बसतो, असे म्हणा ना. ही पकड सुमारे २९ किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे साधारण ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात दिसले. यिट्रियम वाढवले की प्रोटॉन वाढतात आणि अडकणारेही वाढतात. पण यालाही एक वळण आहे. वीस टक्के जागा यिट्रियमच्या असतील आणि वाटणी निव्वळ योगायोगाची मानली, तर एखाद्या यिट्रियमच्या सहा शेजारी जागांपैकी किमान एकीवर दुसरा यिट्रियम असण्याची शक्यता चौऱ्याहत्तर टक्के निघते. अडवणाऱ्या जागा एकमेकींना भिडू लागतात आणि पकडीतून पूर्ण न सुटताही प्रोटॉनला एका पकडीतून दुसरीत सरकता येते. म्हणून भेसळ थोडी असताना ती अडचण वाटते, दहा-वीस टक्क्यांच्या पट्ट्यात परवडते आणि त्याही पुढे गेल्यावर स्फटिकाची रचना बिघडून तोटा होतो. मला स्वतःला हा सगळा विषय जिथे सर्वांत सुंदर वाटतो ती ही जागा आहे, म्हणून थोडे अधिक लिहिले.

यिट्रियमच का, याचे उत्तर विद्यार्थ्यांना नेहमी चुकीचे सुचते. आकार जुळणारा आयन घ्यावा, असे ते लिहितात. झिर्कोनियमची त्रिज्या ०.७२ अँगस्ट्रॉम, स्कँडियमची ०.७४५ आणि यिट्रियमची ०.९०; आकारावर गेलो तर स्कँडियमच निवडावा लागेल. प्रत्यक्षात बेरियम झिर्कोनेटमध्ये यिट्रियमच पुढे राहतो. त्याच्या शेजारचे ऑक्सिजन प्रोटॉनला धरून ठेवण्याच्या बाबतीत झिर्कोनियमशेजारच्या ऑक्सिजनांसारखेच वागतात. स्कँडियमशेजारचे तसे वागत नाहीत. इथे मापापेक्षा स्वभाव जुळणे महत्त्वाचे ठरते.

प्रश्न (रावपुरा) : हे ऑक्साइड पाणी शोषते म्हणता, म्हणजे आमच्या माठासारखेच ना?

उत्तर : नाही. माठ पाणी धरतो ते मातीच्या कणांमधल्या छिद्रांत, आणि ते पाणी पाणीच राहते. इथला पदार्थ छिद्रे जवळजवळ न ठेवता भाजलेला असतो आणि पाणी रेणू म्हणून आत शिल्लक राहत नाही. त्याचे तुकडे होऊन ते स्फटिकाचाच भाग बनतात. प्रमाणही अगदी थोडे आहे. वीस टक्के यिट्रियम असलेल्या एक ग्रॅम बेरियम झिर्कोनेटची सगळी रिकामी घरे भरली, तरी वजन साधारण साडेसहा मिलिग्रॅमने वाढते. सोनाराच्या काट्यावर कळेल, स्वयंपाकघरातल्या काट्यावर नाही. माठ तापवला की शंभर अंशांपाशी कोरडा होतो, याची घरे मात्र ओल्या वायूत ५०० अंशांपर्यंत बऱ्यापैकी भरलेली राहतात आणि ६०० अंशांच्या पुढे झपाट्याने रिकामी होत जातात.

प्रश्न (शहरातील एक संशोधक विद्यार्थी) : यिट्रियमयुक्त बेरियम झिर्कोनेटच्या पेलेटची, म्हणजे पावडर दाबून भाजलेल्या चकतीची, संवाहकता मी मोजतो आहे. जानेवारीत मिळालेले आकडे मे महिन्यात पुन्हा मिळाले नाहीत. शिवाय पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा माझे आकडे शंभरपटीहून कमी आहेत. मार्गदर्शक म्हणतात पावडर खराब आहे. पावडरीचा क्ष-किरण आलेख तर स्वच्छ आहे. चूक कुठे असावी?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत, त्या वेगळ्या ठेवल्या तर अर्धे काम होईल.

आधी जानेवारी आणि मे. आपण वायू ओला करण्यासाठी तो पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत सोडता आणि बाटली टेबलावर उघडी ठेवता, असे पत्रावरून दिसते. बडोद्याच्या जानेवारीत सकाळी प्रयोगशाळा वीस अंशांवर असेल तर वायूत सुमारे २.३ टक्के वाफ जाते. मे महिन्यात दुपारी चाळीस अंशांवर तीच ७.३ टक्के होते, म्हणजे तिपटीहून अधिक. उच्च तापमानाला, जिथे थोडीच घरे भरलेली असतात तिथे, प्रोटॉनांची संख्या वाफेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. वाफ तिप्पट झाली तर प्रोटॉन पावणेदोन पटींच्या आसपास होतात. चारशे अंशांना घरे आधीच भरत आलेली असतात, म्हणून तिथे फरक थोडा दिसावा. आपले दोन्ही महिन्यांचे आलेख शेजारी ठेवून पाहा : फरक वरच्या तापमानाला मोठा आणि खालच्या तापमानाला लहान असेल, तर बाटली स्थिर तापमानाच्या पाण्यात ठेवणे एवढाच उपाय आहे. मात्र त्या पाण्याचे तापमान खोलीपेक्षा कमी ठेवा, नाहीतर वाफ वाटेतल्या नळीतच पाणी होऊन बसेल. खालच्या तापमानाला घाईही करू नये. पाणी आत शिरायला वेळ घेते, आणि रीडिंग स्थिर होण्यापूर्वीच पुढच्या तापमानाकडे गेल्यामुळे आलेखाला पडलेल्या वाकड्या चाली मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

त्याचबरोबर वायू कोणता वापरला हेही लिहून ठेवा. हवेत मोजले तर ऑक्सिजन स्वतःच रिक्तस्थान भरून मागे इलेक्ट्रॉनांची उणीव, म्हणजे होल, ठेवून जातो आणि ते होलही वीज वाहतात. कोरड्या हवेत आणि चढत्या तापमानाला हा वाटा वाढत जातो. मीटरला प्रोटॉन आणि होल यांतला भेद कळत नाही. तो बेरीज दाखवतो. ओल्या आर्गॉनमध्ये किंवा ओल्या सौम्य हायड्रोजनमध्ये घेतलेले आकडे हवेतल्या आकड्यांशी ताडून पाहिले की होलांचा वाटा उघड होतो. साध्या पाण्याऐवजी जड पाणी वापरण्याची सोय असेल तर तीही कसोटी करावी : ड्युटेरियम दुप्पट जड असल्यामुळे संवाहकता ठळकपणे उतरते आणि वाहक प्रोटॉनच असल्याची खात्री पटते.

दुसरी तक्रार शंभरपटीची. इथे पावडरीवर आळ घेण्याआधी भाजणीकडे पाहावे. बेरियम झिर्कोनेट अतिशय चिवट पदार्थ आहे. घट्ट होण्यासाठी त्याला १६०० ते १७०० अंश आणि पुष्कळ तास लागतात, आणि तेवढ्या उष्णतेत बेरियम वाफ होऊन निघून जातो. बेरियम गेला की यिट्रियमचा काही भाग बेरियमच्या जागी जाऊन बसतो. तिथे दोनच धनभार अपेक्षित असल्याने तीन धनभाराचा यिट्रियम उलट परिणाम करतो आणि रिक्तस्थाने घटवतो. क्ष-किरण आलेखात हे सहसा ओरडून सांगितले जात नाही. म्हणून पेलेट त्याच रचनेच्या पावडरीत गाडूनच भाजावे. विद्यार्थिदशेत मी स्वतः महिनोन् महिने पेलेट थेट ॲल्युमिनाच्या ताटलीवर ठेवून भाजत होतो; बेरियम ताटलीशी संयोग पावून निघून जात होता आणि मी मात्र दर वेळी नवीन पावडर करत बसलो होतो. ताटलीवरचा गोल डाग रोज समोर असून मी तो पाहिला नाही.

भाजणी नीट असली तरी उरतो तो कणसीमांचा, म्हणजे पेलेटमधले बारीक स्फटिककण एकमेकांना भिडतात त्या जागांचा, प्रश्न, आणि माझ्या अंदाजाने आपली शंभरपट बहुतांश तिथेच हरवली आहे. बेरियम झिर्कोनेटचे कण वाढता वाढत नाहीत. एक मिलिमीटर जाडीच्या पेलेटमध्ये एक मायक्रॉनचे कण असतील तर प्रोटॉनला सुमारे हजार सीमा ओलांडाव्या लागतात. या सीमांवर घाण साचलेली असते असा समज होता. पण अगदी स्वच्छ सीमाही अडवतात. सीमेच्या गाभ्यात धनभारित रिक्तस्थाने आणि प्रोटॉन दाटीने बसतात, त्यामुळे गाभा धन होतो आणि दोन्ही बाजूंच्या काही नॅनोमीटर पट्ट्यांतून तो इतर प्रोटॉनांना दूर लोटतो. ऋणभारित यिट्रियमने तिथे सरकून तोल सांभाळायला हवा, पण मोजमापाच्या तापमानाला तो हलू शकत नाही. कणाच्या आत प्रोटॉनांची रेलचेल आणि कणाच्या वेशीवर दुष्काळ, अशी ही स्थिती आहे.

तेव्हा एकच एकूण रोध सांगू नका. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाची वारंवारता बदलत प्रतिबाधा, म्हणजे त्या प्रवाहाला होणारा रोध, मोजा आणि आलेखातली अर्धवर्तुळे वेगळी करा. कणाच्या आतल्या अर्धवर्तुळाची धारिता (भार साठवण्याची क्षमता) पिकोफॅरडच्या घरात आणि कणसीमेची नॅनोफॅरडच्या आसपास यायला हवी. तीनशे अंशांच्या वर पहिले अर्धवर्तुळ बहुधा यंत्राच्या पल्ल्याबाहेर जाते, म्हणून मोजणी दीड-दोनशे अंशांपासून सुरू करावी. पुस्तकातला जो आकडा आपल्याला खुणावतो आहे, तो केवळ कणाच्या आतला असण्याची शक्यता पुष्कळ आहे.

निकेल ऑक्साइडची एखादी टक्का भर घातल्यास भाजणी १४०० ते १४५० अंशांत होते आणि कणही मोठे होतात. हा उपाय आता सर्वत्र रूढ आहे, पण फुकटचा नाही; काही निकेल पदार्थातच राहून पाणी घेण्याची क्षमता थोडी कमी करतो. सीरियम मिसळल्यानेही भाजणी आणि कणसीमा दोन्ही सुधारतात. त्याची किंमत अशी की सीरियम जितका जास्त तितका पदार्थ कार्बन डायऑक्साइडपुढे दुबळा. निव्वळ बेरियम सीरेट तर त्या वायूत बेरियम कार्बोनेट आणि सीरियम ऑक्साइड होऊन फुटते. झिर्कोनियम, सीरियम, यिट्रियम आणि यिटर्बियम असे चौघे एकत्र आणून २००९ मध्ये जे मिश्रण पुढे आले आणि आज प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाते, ते याच तडजोडीतून.

प्रश्न (निझामपुरा) : खताच्या कारखान्यात अमोनियाच्या विभागात नोकरी झाली. प्रोटॉन या बाजूने त्या बाजूला ढकलता येत असेल तर प्रचंड दाबाशिवाय अमोनिया करता येईल का?

उत्तर : करून पाहिला गेला आहे. ग्रीसमधील मार्नेलॉस आणि स्टूकिडेस यांनी १९९८ मध्ये यिटर्बियमयुक्त स्ट्रॉन्शियम सीरेटमधून ५७० अंशांना प्रोटॉन ढकलून वातावरणाच्या दाबालाच अमोनिया मिळवला. पण आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे की तेवढ्या तापमानाला उत्प्रेरकापाशी अमोनिया तयार होण्यापेक्षा मोडण्याकडे अधिक कल दाखवतो, आणि मिळणारा वेग कारखान्याच्या दृष्टीने अगदी किरकोळ होता. उलट दिशा अधिक आशेची दिसते. अमोनिया, मिथेन किंवा बायोगॅस मोडून त्यातला हायड्रोजन प्रोटॉनरूपाने पलीकडे खेचायचा. तो शुद्ध येतो आणि वाटेतच दाबलाही जातो. २०२२ मध्ये छत्तीस घट रचून केलेल्या उपकरणात नव्याण्णव टक्क्यांहून अधिक हायड्रोजन असा काढता आला. मला विचाराल तर या पदार्थांचा पहिला मोठा उपयोग मोटारीत नव्हे, तर आपल्या कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यासारख्या ठिकाणी, जिथे हायड्रोजन रोज लागतोच, तिथे होण्याचा संभव अधिक आहे.

प्रश्न (मकरपुरा) : आमचा ॲल्युमिनियम ओतकामाचा छोटा कारखाना आहे. पावसाळ्यात कास्टिंगमध्ये पिनहोल (बारीक छिद्रे) वाढतात. पातळ धातूतला हायड्रोजन मोजणारी चिनी मातीची नळी मिळते असे ऐकले. ती याच तत्त्वावर असते का?

उत्तर : होय, आणि या विषयातली बाजारात पोहोचलेली जुनी वस्तू तीच आहे. दमट हवेतल्या किंवा ओलसर भंगारातल्या पाण्याशी ॲल्युमिनियमची क्रिया होऊन ऑक्साइड तयार होते आणि हायड्रोजन धातूत विरघळतो. पातळ ॲल्युमिनियम जितका हायड्रोजन धरते त्याचा जेमतेम विसावा हिस्सा ते घट्ट झाल्यावर धरू शकते. उरलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने आत अडकतो आणि मशीनिंग करताना आपल्याला पिनहोल दिसतात.

नळी इंडियम मिसळलेल्या कॅल्शियम झिर्कोनेटची असते. इवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ती जपानमध्ये विकसित केली. या पदार्थाची प्रोटॉन-संवाहकता बेरियमच्या भावंडांपेक्षा कमी आहे, पण तो टणक आणि टिकाऊ आहे. इथे कमी संवाहकता चालते, कारण नळीतून प्रवाह काढायचा नसून फक्त व्होल्टेज वाचायचे असते. वाचणाऱ्या मीटरचा स्वतःचा रोध मात्र खूप मोठा हवा. नळीच्या आत हायड्रोजनचा दाब ठाऊक असलेला वायू असतो, बाहेर पातळ धातू. दोन्हींकडच्या हायड्रोजनच्या दाबात दहापट फरक असेल तर सातशे-साडेसातशे अंशांना सुमारे शंभर मिलिव्होल्ट मिळतात. विरघळलेल्या हायड्रोजनचे प्रमाण या दाबाच्या वर्गमुळाशी जोडलेले असते, हे हिशेबात धरावे लागते. बहुतेक उपकरणे ते स्वतःच करून आकडा दाखवतात.

खर्च करण्यापूर्वी आधी इनगॉट आणि भंगार कोरड्या जागी ठेवून, भट्टीत टाकण्याआधी गरम करून पाहावे, आणि डिगॅसिंगनंतर, म्हणजे धातूतला वायू काढल्यानंतर, धातू फार वेळ उघडा ठेवू नये. पिनहोल तेवढ्यानेही कमी झाले तर नळीची निकड राहणार नाही. नळी घेतलीच, तर ती थंड असताना पातळ धातूत बुडवू नये. धातूच्या पृष्ठभागावर काही मिनिटे धरून तापू द्यावी आणि मग हळूहळू खाली न्यावी, नाहीतर ती पहिल्याच दिवशी तडकेल.